बाई, त्या वर्गात मीही होते

बाई,



गेल्या महिन्यात पेपरच्या तालुक्याच्या पानावर तुमचा फोटो पाहिला. शाल, श्रीफळ, हातात सन्मानचिन्ह आणि खाली ओळ : विद्यार्थ्यांमध्ये एड्सविषयी जनजागृती केल्याबद्दल सत्कार. मी ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याचे हिशेब लिहायला जाते तिथं तो पेपर येतो. डबा खाता खाता उघडला होता. पुढचा घास गिळवला नाही, म्हणून हे पत्र.

तुमचं नाव मी लिहिणार नाही. शाळेचं नाही, गावाचं नाही, माझंही नाही. २०१८-१९ची आठवी 'ब', खिडकीकडची रांग. तुम्हाला एवढं पुरे. घरच्या पत्त्यावर पत्र पाठवता आलं असतं, पण तुमच्यासारख्या कितीतरी बाई आणि सर दरवर्षी तोच धडा शिकवतात आणि त्यांच्याही वर्गात माझ्यासारखं कुणीतरी वही उघडून बसलेलं असतं. तेव्हा चारचौघांतच बोलते.

एक आधीच सांगते. तुम्ही मला आवडायचात. तुम्ही फळ्यावर काढलेलं हृदयाचं चित्र, निळ्या आणि लाल खडूचं, मला अजून न बघता काढता येतं. विज्ञानाच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसण्यासाठी भांडायचे. तुम्ही नुसत्याच खडूस असता, तर तुम्हाला कधीच विसरून गेले असते.

त्या वर्षी आठवीची पुस्तकं नवी आली होती. सामान्य विज्ञानात 'आरोग्य व रोग' हा धडा सुरुवातीलाच होता. डेंग्यूला तुम्ही मन लावून वेळ दिलात. डासाची मादी, साचलेलं पाणी, गच्चीवरचे टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे. कुणाच्या घरी डेंग्यू होऊन गेलाय, असं विचारलंत आणि हात वर झाले. ज्याचा भाऊ दवाखान्यात होता त्या मुलाला उभं करून त्याच्याकडून सगळं वदवून घेतलंत. तो बिचारा त्या दिवशी वर्गाचा हिरो झाला होता. मग एड्स आला. तुम्ही खडू ठेवलात, पुस्तक तोंडासमोर धरलंत आणि वाचायला लागलात. तो कसा होतो हे सांगणारं वाक्य एका दमात, पुढच्या वाक्यात मिसळून वाचलंत. मागच्या बाकांवर खसखस पिकली, मुलींनी माना खाली घातल्या. तुम्ही म्हणालात, "हे घरी वाचा." कुणाच्या घरी होऊन गेलाय, हे अर्थातच विचारलं नाहीत. विचारायचंही नव्हतं. पण विचारता येणार नाही असा एखादा हात वर्गात असू शकतो, हे तुमच्या मनातून गेलं नसेल का? मनात यायची तरी काय गरज होती? तुम्हाला तर माहीतच होतं.

मग एकानं विचारलं, "बाई, एका ताटात जेवल्यावर होतो का?" तुम्ही म्हणालात, "नाही होत." आणि पुस्तक बंद करता करता म्हणालात, "तरी काळजी घेतलेली बरी."

आख्ख्या धड्यातलं तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

माझं गाऱ्हाणं नीट ऐकून घ्या. तुम्ही एड्सबद्दल शिकवलं नाही, अशी माझी तक्रार नाही. तुम्ही अर्धं शिकवलंत, आणि नेमकं नको ते अर्धं. हा विषाणू रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, दूषित सुईतून जातो, आईकडून बाळाला पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून जातो. संपला विषय. घामात, थुंकीत, अश्रूंत, शाळेच्या माठात, बाकावर, खोखोच्या मैदानावर त्याला जागा नाही. शरीराबाहेर तो फार वेळ तग धरत नाही. यातलं पहिलं वाक्य तुम्ही लाजून गिळलंत, म्हणून दुसरं कुणाला पटलं नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना कळतं, बाई. काहीतरी लपवलं जातंय हे त्यांना बरोबर कळतं. जिथं बाईंची जीभ अडखळते तिथं नक्की काहीतरी भयंकर असणार. तो कसा होतो हे धड सांगितलं नाहीत, तेव्हा रिकाम्या जागा त्यांनी आपापल्या परीनं भरल्या : ताट, पेन्सिल, ओढणी, शिंक, माझी सावली.

पुढे तुम्ही प्रश्नोत्तरं लिहून दिलीत. त्यात एक उत्तर होतं की या रोगावर उपाय नाही, रोगी दगावतो. कुणीतरी लगेच विचारलं, किती दिवसांत? तुम्ही म्हणालात, "फार नाही काढत." मी ते वहीत उतरवून घेतलं, माझं अक्षर चांगलं होतं. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी गोळी घेऊन आले होते, रोज घ्यायचे तशी. रोज घेतेही. आज मी नोकरी करते, बसने जाते येते, उन्हाळ्यात लोणचं घालते. माझ्या रक्तात विषाणू आता तपासणीत सापडत नाही इतका दबलेला आहे. तसा दबला की तो शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला जात नाही, हे आता जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केलं आहे. एचआयव्हीची लागण आणि एड्स या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि वेळेवर औषध घेणारा माणूस दुसऱ्या अवस्थेला सहसा पोचत नाही, हे २०१८ साली काही नवं नव्हतं. आपल्या देशात ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागली ती १ एप्रिल २००४पासून. लहान मुलांसाठीची २००६च्या अखेरीस आली. माझ्या जन्मानंतर. म्हणजे मी आणि ही औषधं साधारण एकाच वयाच्या. तुमच्या प्रश्नोत्तरांना त्यांचा पत्ताच नव्हता.

आता आजीचं बोलते. आईवडील गेल्यापासून मी आजीकडे वाढले. या गोळ्या जिथं मिळतात त्या ए.आर.टी. सेंटरला जायचं म्हणजे महिन्यातून एक खाडा पडायचा. तुम्ही एकदा चिठ्ठी मागितलीत. चिठ्ठीत काय लिहायचं हे आजीला उमजेना, तेव्हा ती स्वतः तुमच्याकडे आली. मधल्या सुट्टीत, शाळेच्या मागच्या कडुलिंबाखाली. पदर तोंडावर धरून तिनं तुम्हाला सांगितलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या पोटात ठेवा." तुम्ही तिचा हात हातात घेतलात. घरी येऊन ती मला म्हणाली, "लई मोठ्या मनाची बाई हाय."

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा ते सगळ्यांच्या पोटात होतं. तुम्ही फक्त मुख्याध्यापकांना सांगितलं असेल. त्यांनी फक्त क्लार्कला. क्लार्कनी फक्त बायकोला. प्रत्येकानं एकालाच सांगितलं असणार, गावात असंच होतं. त्याच वर्षी १० सप्टेंबरला एचआयव्ही आणि एड्सचा कायदा देशभर लागू झाला होता. २०१७ साली संसदेत झालेला. विश्वासानं कळलेली अशी गोष्ट त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. या कारणावरून शाळेत कुणाला नाकारायचं नाही, वेगळं वागवायचं नाही, हेही आहे. कायदा तुम्हाला माहीत नसेल, मान्य. पण आजीचा हात हातात घेताना कायदा कशाला लागतो?

मग १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. शनिवार होता, सकाळची शाळा. तुम्ही फेरी काढलीत. लाल फिती, फलक, पुढे ढोल-ताशा. फलकांवर कवटी आणि दोन हाडं, कारण ते चित्र काढायला सोपं. तुम्ही घोषणा दिलीत, "एड्सपासून", आणि आम्ही सगळे ओरडलो, "दूर राहा, दूर राहा!" मीही ओरडले, मी जयजयकारात कधी मागे नसायचे. पेठेच्या वळणावर आठवी 'अ'मधल्या मुलांनी 'एड्स'च्या जागी माझं आडनाव घातलं. यमकही जुळलं. तुम्ही चार पावलं पुढे होतात. तुम्हाला ऐकू आलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पेपरातला फोटो पाहिल्यावर ते सांगणं बंद झालं.

त्या आठवड्यात पालक शाळेत आले. मुख्याध्यापक आजीला म्हणाले, "आम्हाला काही नाही हो आज्जी, पण बाकीच्या पालकांचं काय करू?" हे वाक्य मी पुढे इतक्या ठिकाणी वाचलं आहे की ते सगळीकडच्या मुख्याध्यापकांना छापून पाठवत असावेत. २००९ साली लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावात, एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेतली मुलं गावच्या शाळेत आली, तर गावकऱ्यांनी आपली मुलं पाठवणं बंद केलं. २०१४च्या जुलैत गोव्यात रिवणला अनाथाश्रमातल्या १३ मुलांच्या बाबतीत तेच. पालकांनी मुलं काढून घेण्याची धमकी दिली आणि शाळेनं त्या तेरा जणांना वाट दाखवली. महाराष्ट्र काय, गोवा काय, सरकारी काय, मिशनरी काय. प्रत्येक वेळी शाळेला काही नसतं. फक्त पालकांना असतं. पण ते पालक कुठे शिकले, बाई? तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी वर्गात ना? तिथं त्यांनाही कुणीतरी 'हे घरी वाचा' म्हणालंच असेल.

माझा शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवला आहे. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. तिथं लिहिलं आहे : पालकांच्या विनंतीवरून. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. तिनं कसली विनंती केली नव्हती. ती व्हरांड्यात बसून रडत होती. खाली तुमची सही आहे, वर्गशिक्षक म्हणून.

आणि आता ज्याच्यासाठी मी खरं तर पेन उचललं ते. पालक आले त्या दिवशी तुम्ही माझी बाजू घेतलीत, हे मला माहीत आहे. दाराबाहेर मी होते. तुम्ही म्हणालात, "पण त्या लेकराचा काय दोष?" सगळे गप्प झाले. एक काकू हळहळल्यासुद्धा. तुम्हाला वाटलं असेल, आपण फार मोठं बोललो. मला मात्र तेव्हापासून त्या वाक्याइतकं दुसरं काही लागलेलं नाही.

माझा दोष नाही म्हणजे कुणाचा आहे? तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण सगळ्यांच्या नजरा माझ्या मेलेल्या आईकडे वळल्या. ती कशी असेल, बाप काय करत असेल, हे प्रत्येकानं मनात ठरवून टाकलं. माझ्या वडिलांना तो कुठून झाला, हे मला माहीत नाही आणि मला जाणून घ्यायचंही नाही. आईला लग्नातून झाला, बाकी घरोघरच्या बायकांना होतो तसाच. मी पोटात असताना तिची तपासणी कुणी केली नाही. औषध नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, वेळेवर औषध मिळालं तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. इतक्या साध्या गोष्टीत आम्ही सापडलो. तिला कळलं तेव्हा मी चालायला लागले होते. ती गेली ती मला अंगावर पाजलं म्हणून स्वतःला शिव्या देत गेली. तिला दोषी ठरवून मला सोडवू नका. मला तसं सुटायचं नाही.

शिवाय ते निष्पाप असणं कामाला येतच नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात रायन व्हाइट नावाचा मुलगा होता. हिमोफिलियाच्या उपचारातून त्याला हा विषाणू मिळाला होता, म्हणजे तुमच्या हिशेबानं शंभर टक्के निर्दोष. १९८५ साली त्यालाही शाळेनं दार बंद केलं. कोर्टात जाऊन तो परत शाळेत आला, तर लोकांनी आपली मुलं काढून घेतली. १९९०च्या एप्रिलमध्ये तो गेला. त्याच्या नावानं पुढे कायदा झाला, ते सगळं मागाहून. ज्या भीतीला ताटाची आणि बाकाची शंका येते, ती पाप-पुण्य विचारत बसत नाही. उलट ज्या वर्गात तुम्ही 'चांगल्या वर्तनाचा' धडा देता, तिथं माझ्यासारख्या मुलीला एवढंच कळतं की आपलं घर वाईट वर्तनाचं.

तुमच्यावर सगळं ढकलणं बरोबर नाही, हेही मला कळतं. तुम्हाला कुणी शिकवलं होतं हे बोलायला? केंद्रानं २००५ साली शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ साली आपल्या विधिमंडळात त्यावरून गदारोळ झाला, संस्कृती बुडते म्हणून, आणि महाराष्ट्रानं लैंगिक शिक्षण शाळेबाहेर ठेवलं. इतरही राज्यांनी तेच केलं. संस्कृती वाचली. मग धडा उरला तो तुमच्या वाट्याला आला तसा, अर्धा. गंमत बघा, त्याच देशाच्या २०१७च्या कायद्यात असंही कलम आहे की एचआयव्हीनं मोडलेल्या घराचा कारभार एखादं बारा वर्षांवरचं समजूतदार मूल बघत असेल, तर धाकट्या भावंडांचं पालक म्हणून ते शाळेतल्या प्रवेशासाठी, औषधोपचारासाठी, बँकेच्या खात्यासाठी उभं राहू शकतं. बारा वर्षांचं मूल आईबापाच्या मरणानंतर संसार ओढेल हे सरकारला पटतं. त्याच वयाच्या मुलाला निरोध हा शब्द झेपणार नाही, असं मात्र राज्य सरकारला वाटलं.

आणखी एक. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांत आता एचआयव्हीबाधित आणि प्रभावित मुलांना वंचित घटक म्हणून जागा आहे. चांगलं आहे. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे शाळेपासून जी गोष्ट जपायची, तीच प्रवेशासाठी कागदावर मांडायची. तो कागद कुणाच्या टेबलावर पडेल, कोण उलटून बघेल? माझ्या ओळखीतल्या एका आईनं जागा सोडली, दाखला काढला नाही. आता घरकाम करून फी भरते.

तुमच्या शाळेत एक माणूस होतं ज्याला हा धडा नीट समजला होता. खिचडी शिजवणाऱ्या मावशी. माझं ताट वेगळं ठेवायचं फर्मान निघालं, त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरी, तुझं ताट येगळं ठेव म्हंत्यात, का गं?" मी सांगितलं. सेंटरमधल्या ताईंनी मला सांगितलं होतं तसंच, रक्त, सुई, संबंध, आई. त्यांनी मध्ये एकदा विचारलं, "आन् उष्ट्यानं?" मी म्हटलं, नाही. "आसं व्हय," म्हणाल्या आणि माझं ताट उचलून बाकीच्या ताटांच्या चळतीत मधोमध सरकवलं. मग पुन्हा डाव हातात घेतला. त्या चौथी शिकल्या होत्या. त्यांना कुणी शाल-श्रीफळ दिल्याचं ऐकलं नाही.

त्यांनी विचारलं, बाई. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. वर्गात ज्या विषयावर तुम्हाला बोलता येत नव्हतं, त्यावर बोलू शकेल असं कुणीतरी पहिल्या बाकावर बसलं होतं. मला उभं करायला हवं होतं असं मी म्हणत नाही. देव करो आणि कुणी कुणाला तसं उभं न करो. पण मधल्या सुट्टीत, त्याच कडुलिंबाखाली, एकदा विचारता आलं असतं की बाळ, गोळ्यांनी मळमळतं का, खाडे पडतात तो अभ्यास कसा भरून काढतेस, उद्या हा धडा घेणार आहे, तो कसा घेऊ.

येत्या १ डिसेंबरला तुम्ही पुन्हा फेरी काढाल. सन्मान झालाय म्हटल्यावर यंदा मोठी निघेल. कवटीचे फलक काढू नका. दूर राहा असं मुलांच्या तोंडून वदवून घेऊ नका. फेरीच नाही काढली तरी चालेल. त्या शनिवारी मी जिथं चालत होते, तिथं आज कुणीतरी चालत असणार असं धरून एक तास घ्या. पुस्तक खाली ठेवून, खडू हातात घेऊन, त्या हृदयासारखंच चित्र काढून. हा विषाणू कसा जातो ते मोठ्यानं सांगा. मुलं हसतील, हसून झाल्यावर परत सांगा. मग कसा जात नाही ते सांगा, आणि त्याच्या शेवटी काळजी घेतलेली बरी असं म्हणू नका. औषध आहे, ते फुकट मिळतं, घेणारे म्हातारे होतात, त्यांना निरोगी मुलं होतात, हेही सांगा. आणि कुणाच्या दोषाचं काही बोलू नका. ना लेकराच्या, ना आईच्या.

माझा दाखला दुरुस्त करून मिळेल का, हेही विचारायचं होतं. कारणाच्या रकान्यात खरं कारण हवंय. नियमात बसत असेल तर मुख्याध्यापकांना विचारून बघा, ते आता निवृत्त झाले असले तरी रजिस्टर शाळेतच असेल.

उत्तर द्यायचं वाटलं तर संपादकांकडे पाठवा, ते माझ्यापर्यंत पोचवतील. माझा पत्ता शोधू नका आणि कुणाकडे चौकशीही करू नका. मी भाड्याच्या खोलीत राहते. घरमालकांना माहीत नाही.

आपली,
आठवी 'ब'मधली एक विद्यार्थिनी